परळचा विहार आणि सिंहलद्वीपाची वाट

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे मी इतरांचे हिशेब तपासले. स्वतःच्या घरातील एक जुनी नोंद मात्र तपासायची राहून गेली होती. ती तपासण्यासाठी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून सत्तावीस दिवस श्रीलंकेत हिंडावे लागले. त्या प्रवासाची ही हकिकत.

आमचे बिऱ्हाड लालबागच्या एका चाळीत होते आणि वडील मशीद बंदरच्या पेढीवर मुनीम होते. परळमध्ये ‘बहुजन विहार’ नावाची वास्तू आहे. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी ती १९३७ साली गिरणगावातील कष्टकऱ्यांसाठी उभारली. बांधकामाचा खर्च शेठ जुगलकिशोर बिर्ला यांनी दिला होता. “त्या विहाराची पायरी चढायची नाही,” असे वडिलांनी आम्हा भावंडांना बजावले होते. कारण विचारण्याची त्या काळी प्रथा नव्हती. पुढे कळले, की ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी केलेल्या विधानांमुळे आपल्या समाजात तीव्र संताप उसळला होता. वडिलांनी तो तरुणपणी पाहिला होता. त्या विधानांशी मी आजही सहमत नाही. परंतु निवृत्तीनंतर कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र हाती आले, तेव्हा ज्या माणसाला आमच्या घरात थारा नव्हता, त्याची मला प्रथमच ओळख झाली.

आजकाल तरुण मंडळी ज्याला ‘बॅकपॅकिंग’ म्हणतात, ते कोसंबींनी सव्वाशे वर्षांपूर्वी केले. गोव्यातील सांखवाळ हे त्यांचे गाव. १८९९ च्या अखेरीस ते ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर असे करीत काशीला पोहोचले आणि तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये नेपाळ गाठले. तेथून बोधगया, कलकत्ता, मद्रास करीत सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, आणि पुढे ब्रह्मदेश. खिशात पैसा नाही, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पुढच्या मुक्कामाची शाश्वती नाही. कोणी शिधा दिला, कोणी तिकिटाची सोय केली, कोणी ओसरीवर जागा दिली. अशी सुमारे सात वर्षे गेली.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा याच सुमारास चार महिने परदेशात स्वस्तात फिरण्याचा हट्ट धरून बसला होता. आमच्या दाजींची दादरला कापडाची पेढी आहे. “लग्नसराईत गल्ल्यावर कोण बसणार? पैसे किती जाणार? आणि हा तिकडे खाणार काय?” हे त्यांचे तीन प्रश्न. मुलाची समजूत काढावी म्हणून मला बोलावले होते. मी मध्यस्थी केली ती अशी, की चार महिन्यांऐवजी एक महिना, देश शेजारचाच, आणि बरोबर मामा. दाजी नाइलाजाने “बरं अण्णा, तुमच्या भरवशावर” म्हणाले.

विमानाने जायचे नाही, हे भाच्याचे आणि माझे ठरले होते. दादरहून चालुक्य एक्सप्रेसने दोन रात्रींचा प्रवास करून पुदुच्चेरी. तेथून साध्या बसने कडलूर, चिदंबरम, कराईकल या मार्गाने नागपट्टिणम. कोसंबींच्या काळी पांबनचा रेल्वेपूल नव्हता, तो १९१४ साली झाला. तेव्हाचे उतारू तुतिकोरीनहून आगबोटीने कोलंबोस जात. पुढे धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी बोट सुरू झाली, पण १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि ती वाट मोडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिणम ते जाफन्याजवळचे कांकेसंतुरै ही प्रवासी बोट सुरू झाली. मध्यंतरी बंद पडून ती ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. खवळलेल्या समुद्रात फेऱ्या रद्द होतात, म्हणून मार्च महिना निवडला. सुमारे चार तासांत आम्ही परक्या देशाच्या धक्क्यावर होतो.

दोघांना मिळून दिवसाला तीन हजार भारतीय रुपये, ही मी घातलेली मर्यादा. निम्मी रक्कम घरगुती पाहुणखोलीच्या भाड्यात जाई. फिरणे सरकारी बसने. त्या बस आपल्या बेस्टप्रमाणे लाल रंगाच्या आहेत, आणि गर्दीही परळ नाक्याची आठवण करून देणारी. भाच्याच्या सॅकमध्ये कपडे होते. माझ्या सॅकमध्ये खाखरे, मूगडाळ, लहानसा विजेचा कुकर आणि स्टीलचे दोन डबे होते.

दाजींचा तिसरा प्रश्न आपल्या वाचकांचाही असणार, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जाफन्यात तमिळ शाकाहारी खानावळी आहेत, केळीच्या पानावर भात वाढतात, तेथे अडचण नाही. खरी सावधगिरी दक्षिणेकडे बाळगावी लागते. ‘उंबलकड’ म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, तो ओल्या खोबऱ्याच्या चटणीत आणि पुष्कळदा पालेभाजीतही घालतात. त्यामुळे नुसते ‘शाकाहारी’ असे सांगून भागत नाही, “उंबलकड नको” असे नाव घेऊन सांगावे. किरीबत म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, माडाचा गूळ, पपई, केळी आणि शहाळे यांवर आमचे उत्तम भागले. चौविहार पाळणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, घड्याळ फारसे बदलावे लागत नाही.

जाफन्याहून आम्ही अनुराधपुरास गेलो. सुमारे दोनशे किलोमीटरचा हा रस्ता. जेथे उतरलो त्या घरच्या बाई सत्तरीच्या होत्या, वृत्तीने अत्यंत धार्मिक. त्यांची मुलगी मोडक्या इंग्रजीत मधे बोलत असे. मांस-मासळी नको, कांदा-लसूण नको, जमिनीखालचे कंद नकोत आणि सूर्यास्तानंतर काहीच नको, अशी आमची लांबलचक यादी ऐकून त्या रागावतील असे वाटले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमचे भिक्षू तर दुपारी बारानंतर जेवत नाहीत. तुम्ही सहापर्यंत जेवता, म्हणजे सोपेच आहे.”

दुसरा दिवस पोयाचा, म्हणजे पौर्णिमेचा होता. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी मांस आणि मद्य यांची विक्री बंद असते. श्रद्धाळू गृहस्थ पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील घेतात आणि मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत. आपल्या पौषधाचीच आठवण व्हावी. बाईही पहाटेच पांढरे नेसून विहारात गेल्या होत्या. दुपारनंतर त्यांनी अन्नाला स्पर्श करायचा नव्हता. म्हणून आम्ही कुकर काढून मूगडाळ लावायला बसलो, तोच त्या परसातून आल्या. हातात नवे मातीचे मडके होते. मासळीच्या भांड्याचा संबंध नको म्हणून ते त्यांनी सकाळी बाजारातून आणवले होते. स्वतः उपाशी असलेल्या त्या वृद्धेने आमच्यासाठी किरीबत शिजवला आणि पाच वाजता वाढला. दुसऱ्या दिवशी निघताना मी त्याचे पैसे पुढे केले. मुलीने सांगितले, “आई म्हणते, पोयाचे आहे. लिहू नका.”

मी रोजचा खर्च वहीत लिहितो, हे त्यांनी पाहिले होते. त्या पानावर दोन शब्द लिहून पुढची रकमेची जागा कोरी ठेवली. इतक्या वर्षांत कोऱ्या रकमेची नोंद मी प्रथमच केली.

त्याच दिवशी अभयगिरी स्तूप पाहिला. सुमारे पंचाहत्तर मीटर उंचीचा हा विटांचा डोंगर जैन माणसाने आवर्जून पाहावा असा आहे. ‘महावंस’ या पाली इतिवृत्तात अशी नोंद आहे, की राजा पंडुकाभय याने अनुराधपुरात निगंठांसाठी, म्हणजे निर्ग्रंथ मुनींसाठी, निवास बांधून दिले होते. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभय शत्रूपुढे पळत असताना गिरी नावाचा निगंठ ‘तो काळा सिंहल पळतो आहे’ अशा अर्थाचे कुचेष्टेचे बोलला. राज्य परत मिळाल्यावर राजाने तो आश्रम पाडला आणि त्या जागी विहार बांधला. राजाचे ‘अभय’ आणि त्या निगंठाचे ‘गिरी’ मिळून विहाराचे नाव अभयगिरी झाले.

स्तूपाच्या सावलीत उभा असताना प्रथम मन कडू झाले. आपल्या मुनींची वसती येथे होती आणि ती एका राजाच्या रागापायी गेली! मग हिशेबनीसाची सवय जागी झाली. ही नोंद एकाच पक्षाच्या वहीतील आहे, निगंठांची वही आपल्यापर्यंत आलेलीच नाही. दुसरे असे, की या स्तूपाची पूजा करणाऱ्या धर्मातीलच एका वृद्धेने आदल्या संध्याकाळी उपाशीपोटी आमचा नियम पाळला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचे येणे तिच्या नावे कसे दाखवावे? आणि परळच्या विहाराच्या नावे माझ्या वडिलांनी जे लिहून ठेवले होते, ते मी तरी किती वर्षे पुढील पानावर ओढीत राहायचे?

कँडीमार्गे आम्ही कोलंबोस आलो. तेथील माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण हे विद्यालय हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केले. १९०२ मध्ये कोसंबी येथेच सुमंगलांपाशी श्रामणेर झाले आणि पाली शिकले. तेथील आहार मानवला नाही, प्रकृती ढासळली, तरी शिकणे सोडले नाही. ओळखपाळख नसलेल्या गोमंतकीय तरुणाला या लोकांनी अन्न, निवारा आणि विद्या दिली. भाचा हळूच म्हणाला, “मामा, याचं बिल कोणी भरलं?”

प्रश्न योग्य होता. कोसंबींनी ते पुढे हप्त्याहप्त्याने भरले. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा पन्नास रुपयांवर ते महाराष्ट्रात राहण्यास तयार झाले, कारण बौद्ध विद्या मराठीत आणायची होती. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. परंतु वहीला नावे बाजूही असते. घर सोडताना पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या होत्या. त्या भ्रमंतीचा मोठा खर्च बाळाबाईंनी सोसला. हे भाच्याला मी स्पष्टपणे सांगितले. त्या रात्री त्याने आपण होऊन वडिलांना फोन केला आणि पेढीची चौकशी केली. मीही घरी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोललो.

आणखी एक गोष्ट वडिलांना ठाऊक होती की नाही, कोण जाणे. कोसंबींनी अखेरच्या काळात ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर निकामी झाले असे वाटल्यावर त्यांनी सेवाग्राम येथे अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. सल्लेखनेचा मार्ग आपल्या घराण्यांत किती आदराने पाहिला जातो, हे वाचकांना सांगायला नको. ज्याच्यावर आपण रागावलो होतो, त्याने शेवटी आपल्याच तीर्थंकरांच्या शिकवणीवर लेखणी चालवली आणि आपल्याच वाटेने जाणे पसंत केले.

परतल्यावर दाजींनी वही मागून घेतली. रोजची मर्यादा तीनच दिवस ओलांडली होती, ते पाहून त्यांना समाधान वाटले. कोऱ्या रकमेवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे काय, अण्णा? विसरलात?” भाच्याने सर्व सांगितले. दाजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “त्या बाईंना आपल्या दुकानातलं एक चांगलं पांढरं लुगडं पाठवून दे.” भाच्याने ते त्याच आठवड्यात टपालाने पाठवले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी देवदर्शन आटोपून मी लालबागहून परळला चालत गेलो आणि बहुजन विहाराची पायरी चढलो. वडिलांचा अवमान करतो आहे असे वाटले नाही. ते स्वतः काटेकोर मुनीम होते. नवीन पावती समोर आली असती, तर त्यांनीही जुनी नोंद दुरुस्त केली असती, असा माझा विश्वास आहे.

जय जिनेंद्र.