आबांचा उंबरठा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. पण त्या पायरीचा तोरा मी घरात आणला, त्याची ही कबुली.

आमच्या आबांनी रावेरच्या केळीबागांत घड वाहण्यात जन्म घालवला. खांद्यावर घड घेऊन चिखलातून झपाझप चालणारा हा माणूस तीन वर्षांपूर्वी बदलला. हात बसल्या जागी थरथरू लागला, चेहऱ्यावरचे हसू मावळले, उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळू लागले. एकदा पारावर चहा सांडला. कुणीतरी म्हणाले, "म्हातारा पिऊ लागला वाटतं." आबांनी पार सोडला. पुढे माझे वर्गमित्र घरी यायचे होते, तेव्हा मीच म्हणालो, "आबा, तुम्ही आतच बसा." ते मुकाट्याने आत गेले. ती पाठमोरी आकृती मला अजून विसरता येत नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, पार्किन्सन्स. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्याचे वर्णन केले. यात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात. रोग समूळ जात नाही. पण औषधाला व्यायामाची आणि माणसांची जोड मिळाली तर दिवस चांगले जातात. पुण्यात तर अशा रुग्णांचे व घरच्यांचे पार्किन्सन्स मित्रमंडळच आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी तेथे या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले.

पुणे आम्हाला दूर. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी अंगणात चुन्याच्या आडव्या रेघा ओढल्या. काय नवल! खिळलेला पाय रेघ ओलांडायला मात्र उचलला जाई. संध्याकाळी देवळात भजनाला नेऊ लागलो. टाळाच्या ठेक्यावर आबांचे पाऊल बरोबर पडे.

एके दिवशी हात धरून त्यांना पारावर नेले आणि सर्वांदेखत सांगितले, "ही थरथर दारूची नव्हे, आजाराची आहे." क्षणभर सारे गप्प. मग एका म्हाताऱ्या सोबत्याने आबांसमोर अर्धाच कप चहा ठेवला. तो संपल्यावर पुन्हा अर्धा.

आजही आबांचे पाय कधी कधी उंबरठ्यावर अडतात. पण परवा माझे मित्र आले, तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. मी म्हणालो, "हे माझे आबा."

मित्रहो, त्या घरात खरा उंबरठा माझ्याच मनात होता.