चिंधीचा हिशोब

कापड दुकानात तागा संपत आला की उरलेल्या तुकड्याला कटपीस म्हणतात. त्याहून लहान उरते ती चिंधी. कटपिसाला भाव असतो, चिंधीला नसतो. या बिनभावाच्या कापडातून चुणीची गोल फुले करण्याची एक जुनी कला आहे. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यावरून तिला सफोक पफ म्हणतात, अमेरिकेत यो-यो. 1930 च्या दशकातील मंदीत तेथील गृहिणी पिठाच्या सुती पोत्यांतूनही कपडे शिवत असत. यो-योच्या चादरी त्याच काळात तेथे लोकप्रिय झाल्या.

साडेतीन इंच व्यासाची चकती कापावी. तिचा काठ पाव इंच उलट्या बाजूस दुमडत त्यावर धावदोरा घालत जावे. दोरा दुहेरी व पक्का हवा. फेरा पूर्ण करून दोरा ओढला की कापड बटव्यासारखे मिटते. चुण्या मधोमध आणून तळहाताने दाबल्या, गाठ मारली, की दीड इंचाचे फूल तयार. टाका जितका बारीक तितके काम सुबक, हा शिवणाचा नेहमीचा नियम येथे मात्र उलटा पडतो. बारीक टाक्याने मधले भोक मोठे राहते. टाका थोडा लांब घेतला तर ते छान मिटते.

फुले शेजारी ठेवून चार बाजूंनी दोन-तीन टाक्यांत जोडली की चादर होते. तिला अस्तर नसते, मध्ये फटी राहतात. थंडीसाठी आपली गोधडीच खरी. रेशमाची कातरण रंगाने भुरळ घालते, पण तिच्यामागची कोशकीटकांची हिंसा ठाऊक असलेली अनेक जैन घरे ती दूरच ठेवतात. तसेही या कामाला मऊ सुती कापडच सोयीचे. त्यात चुणी बसते.

आता हिशोब. पाच फूट रुंद व सात फूट लांब चादरीला 40 गुणिले 56, म्हणजे 2240 फुले लागतात. प्रत्येक चकतीमागे साडेतीन इंचाचा चौकोन धरला, तर चादर जेवढी जागा झाकते त्याच्या पाचपटीहून अधिक कापड खर्ची पडते. नवा तागा फाडून ही चादर करणे ही काटकसर नव्हे, चक्क उधळपट्टी आहे. चिंधी असेल तरच ती परवडते.

आणि वेळ? एका फुलाला पाच मिनिटे धरली तर 186 तास 40 मिनिटे. रोज दोन तास बसले तरी 93 दिवस, म्हणजे चातुर्मासाचा बहुतेक काळ, जोडणी वेगळीच. एवढे करून चादर प्रदर्शनात मांडली आणि कोणी किंमत विचारली, की घरचेच सांगतात, "कापड तर फुकटचेच होते, द्या काय द्यायचे ते." ज्या घरात शिंप्याची मजुरी त्याच दिवशी वहीत चढते, हमालीचा रुपयाही सुटत नाही, त्या घरात सुनेचे हे तास कोणत्याच खात्यावर पडत नाहीत. हे व्यापाराच्या रीतीलाही धरून नाही.

आरंभी चादरीच्या भानगडीत न पडता नवकारवाळीच्या बटव्यावर लावण्यापुरती दहा-बारा फुले करावीत, तीही घड्याळ समोर ठेवून. पुढे चादर झालीच, तर तिच्या चिठ्ठीवर मापाखाली तासही लिहावेत. गिऱ्हाईक घासाघीस करण्यापूर्वी ते वाचेल.