एवढा फिट माणूस, त्याला ब्लड कॅन्सर कसा?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती आहे, हे बाहेरगावच्या वाचकांना पटकन खरं वाटत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की संध्याकाळच्या ओपीडीत शुकशुकाट असतो. त्यामुळे सुजलेले घोटे आणि दुखरे गुडघे माझ्याकडे नेहमीचेच. आज मात्र ज्या खेळाडूबद्दल लिहितोय तो इथला नाही. इंग्लंडचा आहे, आणि मेस्सी-रोनाल्डोचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. जेफ थॉमस.

इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. मूळ अर्थ रोजावर काम करणारा कारागीर. काम चोख करतो, पण दुकान त्याच्या मालकीचं नसतं. जेफचा जन्म 1964 चा, मँचेस्टरचा. 1982 मध्ये रॉचडेल या खालच्या विभागातल्या क्लबकडून सुरुवात, मग क्रू अलेक्झांड्रा, मग लंडनचा क्रिस्टल पॅलेस, पुढे वुल्व्हज, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, बार्न्सली, नॉट्स काउंटी आणि शेवटी परत क्रू. 20 वर्षांत सात क्लब. जागा मिडफिल्डची, म्हणजे बचावाला मागे धावा आणि हल्ल्याला पुढे धावा. एका सामन्यात मिडफिल्डर साधारण 10-11 किलोमीटर धावतो. गोल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर.

त्याचे चांगले दिवस क्रिस्टल पॅलेसमधले. सप्टेंबर 1989 मध्ये याच संघाला लिव्हरपूलने 9-0 असं धुतलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्याच लिव्हरपूलला पॅलेसने 4-3 ने हरवलं. अंतिम सामन्यात समोर मँचेस्टर युनायटेड, पॅलेसचा कर्णधार जेफ. सामना 3-3 बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात पॅलेस 1-0 ने हरला. नंतर इंग्लंडकडून नऊ सामने खेळला. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? फेब्रुवारी 1992 मध्ये वेम्ब्लीवर फ्रान्सविरुद्ध गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकायचा त्याने प्रयत्न केला आणि चेंडू भलत्याच दिशेला गेला. इंग्लंड तो सामना 2-0 जिंकलं, तरी हसं व्हायचं ते झालंच. खेळाच्या दुनियेचा हा अन्याय मला नेहमी खटकतो.

1993 मध्ये वुल्व्हजमध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात गुडघा गेला. गंभीर दुखापत, मग व्यायाम, पुन्हा मैदान, पुन्हा दुखणं. तिथल्या चार हंगामांत मोजकेच सामने वाट्याला आले. बहुतेक जण इथे थांबतात. हा पुढे नऊ वर्षं खेळला, 1998 मध्ये फॉरेस्टबरोबर वरच्या विभागात चढलाही. 2002 मध्ये बूट टांगले.

आणि 2003 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असल्याचं निदान झालं. सीएमएल. रक्ताचा कॅन्सर.

आता माझ्या एका पेशंटबद्दल सांगतो. वय 41, पेठेतल्या तालमीकडून बरीच वर्षं मिडफिल्डला खेळलेला, आता दुकान सांभाळतो. तक्रार काय, तर जिना चढला की दमायला होतंय, दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटतंय, आणि रात्री बनियन भिजेल एवढा घाम. घरच्यांचं म्हणणं, खेळ सुटला म्हणून अंग जड झालंय. तपासताना डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागली. निरोगी माणसाची सहसा लागत नाही. सीबीसी केली, पांढऱ्या पेशी 1 लाख 80 हजार. नॉर्मल 4 ते 11 हजार. पुढच्या तपासणीत सीएमएल निघाला.

रिपोर्ट समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण डॉक्टर, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही ओ मला. काय चुकलं माझं?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्याचं उत्तर इथे नीट लिहून ठेवतो. काहीही चुकलं नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. बोनमॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मगजात, रोज अब्जावधी नव्या रक्तपेशी तयार होतात आणि दर वेळी या गुणसूत्रांची नक्कल होते. एखाद्या पेशीत 9 नंबरच्या आणि 22 नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि जोडताना अदलाबदल होते. आखूड झालेलं ते 22 नंबरचं गुणसूत्र 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात प्रथम दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. ही अदलाबदल असते हे 1973 मध्ये जॅनेट राउली या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं. या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं एक जीन तयार होतं आणि ते पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सोडत राहतं. बटण दाबलं आणि अडकून बसलं, असं समजा.

जोडताना झालेली ही गफलत आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अणुबॉम्बसारख्या मोठ्या किरणोत्सर्गाने धोका वाढतो हे सिद्ध आहे. बाकी बहुतेक पेशंटमध्ये कोणतंही कारण सापडत नाही. तिखट खाल्ल्याने, टेन्शनने किंवा व्यायाम सोडल्याने हा आजार होत नाही. आणि रोज 10 किलोमीटर धावल्याने तो टळतही नाही. व्यायामाने हृदयविकार, मधुमेह, काही कॅन्सर यांचा धोका कमी होतो, त्यामुळे तो कराच. पण 'मी फिट आहे, मला तपासणीची काय गरज' हे गणित चुकीचं आहे. मला तर खेळाडूंची जास्त काळजी वाटते. दुखणं अंगावर काढायची त्यांना सवयच लागलेली असते.

मग फिटनेसचा उपयोग काय? जेफच्या बाबतीत तो पुढे दिसला. त्या वेळी बोनमॅरो प्रत्यारोपणात पेशंटची स्वतःची मॅरो आधी तीव्र औषधांनी, कधी किरणांनीही, नष्ट करायची आणि मग दुसऱ्याच्या मूळ पेशी सलाइनसारख्या शिरेतून चढवायच्या. मधले काही आठवडे रोगप्रतिकारशक्ती जवळपास शून्य. हृदय, फुप्फुसं, यकृत, किडनी धडधाकट असतील तर हे निभावायची शक्यता वाढते. शिवाय जुळणारा दाता हवा. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जेफची बहीण जुळली. जानेवारी 2004 मध्ये प्रत्यारोपण झालं आणि पुढच्या वर्षी आजार आटोक्यात असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते कुठल्याही पेशंटला मी करायला सांगणार नाही. 2005 च्या उन्हाळ्यात टूर दी फ्रान्सचे सगळे 21 टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, 21 दिवसांत सायकलवर पार केले, तेही दुरुस्त केलेल्या गुडघ्यावर. ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. त्याच वर्षी बीबीसीचा हेलन रॉलासन पुरस्कार त्याला मिळाला. पुढेही तो याच कामासाठी सायकल चालवत राहिला. वेम्ब्लीवरच्या त्या हुकलेल्या चेंडूपेक्षा हे लोकांनी लक्षात ठेवावं, असं मला तरी वाटतं.

वाचताना तुम्हाला वाटेल, म्हणजे सीएमएल झाला की प्रत्यारोपण आलंच. तसं नाही. बीसीआर-एबीएलचं अडकलेलं बटण सोडवणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली होती, पण 2003 मध्ये तिचा दीर्घकाळचा अनुभव हाती नव्हता. जुळणारं भावंड असलेल्या तरुण पेशंटला प्रत्यारोपण सुचवणं तेव्हा रास्तच होतं. आज बहुतेकांना आधी गोळ्याच देतात आणि प्रत्यारोपणाची गरज थोड्यांनाच पडते. आपल्याकडे ही गोळी परवडते, कारण भारतीय कंपन्या तिचं जेनेरिक बनवतात. मूळ कंपनीचा पेटंटचा दावा आपल्या सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला. त्या निकालाचं मोल माझ्या त्या दुकानदार पेशंटला विचारा.

त्याच्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत नॉर्मल झाल्या आणि तिथेच खरा धोका सुरू झाला. "आता बरं वाटतंय, गोळी बंद करू का?" सीबीसी नॉर्मल आली म्हणजे आजार गेला असं नाही. रक्तातलं बीसीआर-एबीएल किती उरलंय, हे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी मोजावं लागतं. मनाने गोळी चुकवली तर हा आकडा पुन्हा चढू शकतो आणि तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होऊ शकते. अनेक वर्षं आकडा अगदी खाली राहिलेल्या काही जणांची गोळी रक्तविकारतज्ज्ञ देखरेखीखाली थांबवतात, पण तो निर्णय त्यांचा.

गोळी जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्या, नाहीतर मळमळतं. डोळ्यांखाली सूज आणि पायात गोळे येणं बऱ्याच जणांना होतं. त्यासाठी गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मूल हवं असेल तर त्या बाईंनी दिवस राहण्याआधीच बोलायला हवं. आणि दुसरं कुठलंही औषध, अगदी आयुर्वेदिक काढासुद्धा, सुरू करण्यापूर्वी तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.