नळदुर्गचे पाणी आणि पुण्याचे यंत्र

सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर नळदुर्गला उतरलो, तेव्हा पावसाळा सरत आला होता. किल्ल्यात शिरताच पाण्याची घनगंभीर गाज कानी आली. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास बांधलेला हा पाणीमहाल! माथ्यावरून पाणी कोसळते आहे आणि आपण आत कोरडे उभे! बांधणाऱ्याने पाण्याशी भांडण मांडले नाही. त्याला फक्त वाट आखून दिली.

खिडकीशी एक वृद्ध शेतकरी उभे होते. मी पुण्याचा म्हणताच म्हणाले, "तुमच्याकडं म्हणं लई मोठं मशीन हाय. आमच्या शिवारात पाऊस कवा पडंल, ती सांगंल का?"

प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझी भंबेरी उडाली. १९८०च्या दशकात अमेरिका बलाढ्य संगणक द्यायला खळखळ करू लागली, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एक पैलवान मिळेना, म्हणून अनेक लहान गणकांना एकत्र जुंपले, एवढेच त्याचे मर्म.

"म्हंजी इर्जिक की!" म्हातारबाबा उद्गारले.

अगदी तेच! पण इर्जिकीत एक बैलजोडी रेंगाळली तरी बाकीच्यांचे अडत नाही. इथे आकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येकातला वारा, उष्मा, बाष्प यांचे गणित मांडायचे. आणि शेजारच्या चौकोनाची खबर आल्याखेरीज पुढचे पाऊल टाकायचे नाही! म्हणून गणकांइतकेच मोल त्यांना जोडणाऱ्या तारांचे. शिवाय सगळे मिळून इतके तापतात, की त्यांना गार ठेवण्याची सोय आधी आखावी लागते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली 'अर्क' आला. एकावर पंधरा शून्ये मांडा. त्याच्या साडेअकरा पटींहून अधिक आकडेमोडी तो एका सेकंदात करू शकतो. त्याच्या बळावर २०२५ च्या मे महिन्यात अंदाजाचा चौकोन बारा किलोमीटरांवरून सहावर आला. ऐकायला निम्मे, पण चौकोन चौपट होतात, काळाची पावलेही आखूड घ्यावी लागतात, आणि काम सुमारे आठपट वाढते!

"सहा किलोमीटर?" ते हसले. "माझं रान तीन एकर. औंदा नव्हं, पण मागं एकदा पाऊस येणार म्हणून पेरलं, अन् दुबार पेरावं लागलं. मग २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं इतका पडला, की उभं सोयाबीन पाण्यात गेलं. माझे व्याही तिकडलेच."

मी गप्प झालो. तीन एकरांपुरता पाऊस अजून कोणतेही यंत्र हमखास सांगत नाही, हे मला कबूल करावे लागले.

"नसंल सांगत तर नसंल," ते निघताना म्हणाले, "पर जेवढं कळंल तेवढं येळेवर सांगा, साहेब. बियाणं घरात असतानाच!"

पुण्याच्या आखणीकारांनी भिंतीवर लिहून ठेवावे, असे हे वाक्य. बाहेर पाणी कोसळतच होते.