कुलूप

तळोद्याहून धडगावाकडे निघाले की सपाट शेते संपतात आणि चांदसैलीचा घाट समोर उभा राहतो. त्या घाटावर सायकल चढविण्याच्या पैजा आम्ही लहानपणी मारीत असू, आणि पहिल्याच चढावर उतरून गाडी हातांनी ढकलीत परत येत असू. हे सांगावयास आज लाज वाटत नाही; लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

सायकल आमची होती; विद्या मात्र थोरल्या ताईची. मुलाने गाडीवरून शाळेस जावे आणि मुलीने पायी, असा घरचा अलिखित ठराव होता. दुपारी वडील मंडळी वामकुक्षी करीत असता ताईने परसात कैची मारीत गाडी वश केली, आणि आम्हांला तोल सावरावयासही तिनेच शिकविले. पुढे एके दिवशी ती भर रस्त्यात कोणाला दिसली. "हिला गाडी कोणी दिली?" असे वडिलांनी विचारताच, "न विचारता नेली," असे आम्ही बोलून गेलो. दिली होती आम्हीच. गाडीस कुलूप आले. किल्ली आमच्या खिशात आली.

पुढे शहरात आम्हांस सायकलींचा इतिहास वाचण्याचा नाद लागला. जर्मनीत ड्राइस याने १८१७ साली काढलेल्या गाडीला पायटेच नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटीत जाई. १८८५ साली स्टार्लेने साखळीवर चालणारी बेताच्या चाकांची गाडी केली, १८८८ साली डनलॉपची हवेची धाव आली, आणि लांबच्या शर्यतींना जोर चढला. १९०३ साली 'लोतो' या फ्रेंच पत्राने, खप वाढावा या शुद्ध व्यापारी हेतूने, 'टूर द फ्रान्स' सुरू केली. साठ स्वार निघाले, एकवीस पोहोचले; पहिला आला तो मोरिस गारँ, एके काळी धुराडी झाडून पोट भरणारा! आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गाजविणारा 'घाटाचा राजा' ठरतो.

पण आमचे बोट अडले ते इटलीच्या १९२४ सालच्या शर्यतीवर. आल्फोन्सिना स्त्रादा ही बाई त्या धंदेवाईक पुरुषांत उतरली. यादीत तिच्या नावाचे शेवटचे अक्षर गळून ती 'आल्फोन्सिन' झाली होती. वादळी पावसात पडून हँडल मोडले, तेव्हा झाडूचा दांडा जोडून तिने वाट धरली. वेळ टळल्यामुळे तिचे नाव क्रमवारीतून गेले. तरी तिला पुढे धावू दिले, आणि साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून ती मिलानला पोहोचली. निघालेल्या नव्वदांपैकी बहुतेक पुरुष वाटेतच गळले होते.

गेल्या दिवाळीत ताईला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "दांडा बांधला कशाने असेल रे?" कुलपाची गोष्ट आमच्या अगदी ओठांवर आली होती. तोच तिची नात सायकल ढकलीत अंगणात आली. साखळी निसटली होती. ताईने पदर खोचला, खाली बसली, आणि दोन बोटे काळी करून ती दात्यांवर चढवून दिली.