बोली चालू असताना

टिळक चौक, कल्याण (प.)
मार्गशीर्ष

चि. जावईबापूंस,

तुमचा मेसेज वाचला आणि त्याच संध्याकाळी डोंबिवलीच्या काकांचा फोनही येऊन गेला. हकिकत दोघांची एकच, गुन्हेगार तेवढा वेगळा. फोनवर उत्तर दिलं असतं तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर लागत नसेल तर आमच्या भाचीकडून वाचून घ्या, तिला लहानपणापासून सवय आहे.

मला समजलं ते असं. इंग्लंडातल्या कुणीतरी घरातलं जुनं सामान काढताना पोपटाच्या आकाराचा एक पितळी अडकित्ता ‘जुनी कात्री’ म्हणून ऑनलाइन लिलावाला लावला. तुम्हाला तो दिसला. बोली संपायला दोन दिवस होते. तुम्ही आपल्या सगळ्या अडकित्तेवाल्या मंडळींना लिंक पाठवून दिली, वर ‘पोपट बघा केवढा देखणा’ असं लिहून. काका आधीपासून त्यावर टपून होते. मग एकाचे चार झाले, भाव चढला आणि वस्तू भलत्याच माणसाकडे गेली. काका म्हणतात, तोंडचा घास गेला. तुम्ही म्हणता, चांगली वस्तू चारजणांना दाखवली यात पाप काय?

काकांचा त्या अडकित्त्यावर काडीचाही हक्क नव्हता, हे आधी सांगते. एखादी वस्तू आपण आधी पाहिली म्हणजे तिचा इसार दिला असं होत नाही. हे मी त्यांनाही सांगितलं आहे, त्यांना आवडलं नाही. पण म्हणून तुमचं वागणं बरोबर ठरत नाही. तुम्हाला बोली लावायची नव्हती, वस्तू घ्यायची नव्हती. नुसतं ‘मला पहिल्यांदा सापडलं’ हे सांगायचं होतं. ते दोन दिवसांनी सांगितलं असतं तरी पोपट तेवढाच देखणा राहिला असता.

पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्ही अजून गेला नाहीत. रविवारी नाहीतर बुधवारी चला माझ्याबरोबर. तिथे एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. एखाद्याने वस्तू हातात घेतली की तो ती खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याने तिचा भाव विचारायचा नाही. शेजारी उभं राहा, आभाळाकडे बघा, दुसरीच एखादी पळी उलटीसुलटी करा. पण तोंड उघडायचं नाही. मुंबईच्या चोरबाजारातही मुरलेली माणसं असंच वागतात. फोनवरच्या लिलावात वस्तू कुणाच्या हातात आहे तेच दिसत नाही. फार तर इतके लोक नजर ठेवून आहेत असा आकडा दिसतो. त्यात काका आहेत, मी आहे की बर्मिंगहॅमचा कुणी दुकानदार आहे, कळायला मार्ग नाही. दिसत नाही म्हणूनच विचारायचं. आपल्यात अडकित्ते जमवणारी माणसं अशी किती आहेत? ‘हे कुणी बघतंय का?’ एवढं एकेकाला विचारायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो.

आणि विचारताना लिंक द्यायची नाही! वस्तूचं मोघम वर्णन करायचं. जो बघत असेल तो लगेच ओळखतो.

तुम्ही जपानी सुऱ्यांमधून इकडे आलात, त्यामुळे तुमचा थोडा गोंधळ होतो आहे असं मला वाटतं. तुमच्या सकाईच्या आणि सेकीच्या सुऱ्यांवर बहुतेक वेळा लोहाराचं किंवा पेढीचं नाव ठोकलेलं असतं. नाव वाचता आलं की ती कुठली, कुणाची, हे शोधता येतं. जपानच्या लिलावांत इथून थेट बोली लावता येत नाही, मधे एजंट लागतो, तरीही नाव शोधणारा तिथवर पोहोचतोच. (सकाईचे लोहार एके काळी तंबाखू कापायच्या सुऱ्यांसाठी नावाजलेले होते, हे तुम्हीच मला सांगितलंत. म्हणजे व्यसनांनी पोलाद सुधारलं ते दोन्हीकडे.) आपल्या अडकित्त्यावर मात्र करणाऱ्याचं नाव शंभरात एकावरही मिळायचं नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे जे लेख आहेत त्यांत एक लोहारही आहे. त्या लोहाराने दगडावर नाव कोरवून ठेवलं आणि पुढच्यांनी अडकित्त्यावर ठेवलं नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. नाव नाही म्हणून सगळी भिस्त डोळ्यावर. खिळ्याभोवतीची झीज, पात्याला धार लावून लावून पडलेला खळगा, पितळेत पोलादाचं पातं कसं बसवलंय ते, दांड्याचा बाक. हे ज्याला दिसतं त्याची बोली म्हणजेच एक बातमी असते.

यावर अर्थशास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये एक निबंध छापला. ईबेवर लोक अगदी शेवटच्या क्षणी बोली का लावतात, हा त्याचा विषय. ईबेवर लिलाव ठरल्या वेळेला संपायचा. ॲमेझॉनवर तेव्हा जे लिलाव होत त्यांत शेवटी बोली आली की वेळ वाढायची. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर जास्त दिसली, आणि तिथेही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंमध्ये जास्त. कारण उघड आहे. संगणकाची किंमत सगळ्यांना ठाऊक असते, जुन्या वस्तूची जाणकारालाच. जाणकाराने आधी बोली लावली की बाकीच्यांना फुकट सल्ला मिळतो, म्हणून तो शेवटपर्यंत गप्प बसतो. या रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. काका नोबेलवाले नाहीत, पण शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत दम धरायची अक्कल त्यांना आपोआप आली होती. तुम्ही दोन दिवस आधी त्यांच्यासकट सगळ्यांची बोली उघडी केलीत.

लिंकपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे शोधायचे शब्द. अडकित्ता म्हणून शोधलं तर जे सगळ्यांना मिळतं तेच मिळेल. सरोता, गुजरातीत सुडी, मलायात कचिप, आणि ज्यांना वस्तू काय आहे हेच माहीत नाही अशा विक्रेत्यांनी घातलेली नावं: कात्री, चिमटा, झाडाच्या फांद्या छाटायचं हत्यार. खरी मौज या चुकीच्या नावांत असते. असा शब्द तुम्हाला कुणी सांगितला तर त्याने त्याच्या पुढच्या दहा वर्षांतला वाटा तुम्हाला दिलाय असं समजा. तो शब्द त्या माणसाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला सांगू नका. मला जे शब्द मिळाले ते नाशिकच्या एका बाईंकडून. त्या गेल्या तरी त्यांतले दोन मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत. तुम्हालाही नाही.

आता काकांनी फोनवर जो तोडगा सुचवला त्याबद्दल. ते म्हणाले, आपण ठरवूनच टाकू, एका वस्तूवर आपल्यातल्या एकानेच बोली लावायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि नंतर वाटलं तर आपापसांत पाहून घेऊ. पहिल्या अर्ध्याला मी हो म्हणेन. एका माणसाने ‘माझं मन फार आहे हो यावर’ म्हटलं आणि दुसऱ्याने आपखुशीने माघार घेतली, तर तो स्नेह आहे. मीही घेतली आहे, माझ्यासाठी इतरांनीही घेतली आहे. पण ‘नंतर आपापसांत पाहून घेऊ’ याला माझा साफ नकार आहे.

१९१९ मध्ये इंग्लंडात सरे परगण्यातल्या रक्स्ली लॉज नावाच्या घरातल्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला. पुस्तकवाल्यांनी आधीच संगनमत करून एकमेकांवर बोली चढवली नाही. घरमालकाला सुमारे ३,७०० पौंड मिळाले. मग या मंडळींनी तीच पुस्तकं आपापसांत पुन्हा लिलावात काढली आणि फेऱ्या संपेपर्यंत आकडा १९ हजार पौंडांच्या वर गेला. मधला पैसा वाटून घेतला. असले प्रकार इतके बोकाळले की १९२७ मध्ये तिथे कायदा करावा लागला. दुकानदाराने बोली न लावण्याबद्दल कुणाला पैसे किंवा भेट दिली तर तो गुन्हा. आपल्याकडे १९३०च्या वस्तू विक्री कायद्याचं ६४वं कलम लिलावाबद्दल आहे. त्यात विक्रेत्याने खोटी बोली लावून भाव फुगवला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. म्हणजे विक्रेत्याने लबाडी केली तर आपण कायदा दाखवणार, आणि आपण केली तर तिला मैत्री म्हणणार? काकांना मी हेच विचारलं.

विकणारा कोण असतो ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. इथे पारनाक्यावर आणि आमच्या चौकात जुने वाडे पाडून इमारती उठताना मी ते जवळून पाहिलं आहे. वाडा रिकामा करायची तारीख ठरलेली असते, मुलं परदेशी असतात, आणि एखादी ऐंशीची बाई फळीवरचं सामान भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर ठेवत असते. ऑनलाइन लिलावाने अशा बाईला पहिल्यांदा खरा भाव मिळायची शक्यता निर्माण झाली. तो भाव आपल्या चौघांच्या सलोख्यापायी मारला जाणार असेल तर मला तो सलोखा नको. म्हणून तुमच्या लिंकमुळे त्या इंग्रज माणसाला चार पैसे जास्त मिळाले याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. हे काकांना सांगू नका.

गप्प बसायची ही रीत सगळीकडे चालत नाही. वस्तू बनावट असेल तर तिथल्या तिथे, बोली चालू असतानाच, सगळ्यांना सांगा. नवं ओतकाम काढून त्याला काळपट रंग आणलेले अडकित्ते ढिगाने येतात. फक्त ‘विकणारा चोर आहे’ असं म्हणू नका, ‘खिळा नवा दिसतो, पात्यावर झीज नाही’ एवढंच म्हणा. बाकीचं ज्याचं त्याला कळतं.

दुसरा अपवाद, जिथे वस्तू आपल्या कुणाच्याच कपाटाच्या लायकीची नसते, फार मोठी असते. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आठवा. सोदबीच्या लंडनमधल्या लिलावात ती निघाल्याचं २८ एप्रिल २०२५ रोजी कळलं आणि लिलाव दुसऱ्याच दिवशी होता. सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळवली. वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली. सरळ युरोपियन पातं, मुठीवर सोन्याचं नक्षीकाम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव. ज्याला कुणाला ती लिलावाच्या यादीत पहिल्यांदा दिसली असेल त्याने गप्प बसणं हा गुन्हाच ठरला असता. मात्र यातही माझं एक म्हणणं आहे. अशी वस्तू दिसली की आधी जो ती घेऊ शकतो त्याला कळवा, गावभर पुकारा मागून करा. पुकाऱ्याने अभिमान वाढतो, त्याच्याबरोबर भावही वाढतो, आणि तो भाव आपल्याच करातून जातो.

बाकी दाखवायची हौस आहे ती चांगलीच आहे. ती मारू नका. लिलाव संपला की त्याच रात्री सगळ्यांना फोटो पाठवा. किती फोटो होते, विक्रेत्याने काय नाव दिलं होतं, किती बोली आल्या, वरचा लिलावगृहाचा आकार आणि टपालखर्च धरून शेवटी काय पडलं, सगळं. घेतलेली किंमत लपवणारे लोक मला आवडत नाहीत. महाग पडली तर हसतील म्हणून लपवतात, स्वस्त पडली तर डोळा लागेल म्हणून. काही महिन्यांनी ती पानं निघून जातात, मग कुणाला काही सापडत नाही. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत, त्या मी मागेल त्याला देते.

शिकायचं असेल तर लिलावापेक्षा पुण्यात बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय बरं. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तूंत अडकित्त्यांचा मोठा भरणा आहे. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. तिथे तासन्‌तास बघा, फोटोखाली हवं ते लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. सॅम्युएल आयलेनबर्ग या अमेरिकन गणितज्ञानेही अडकित्ते जमवले होते. त्यांच्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग यांचं पुस्तक १९९२ मध्ये निघालं. माझ्याकडे आहे, घेऊन जा. पण पानं दुमडू नका आणि त्यावर चहाचा कप ठेवू नका.

काकांकडे रविवारी जा. माफी मागायला नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांच्याकडचा जामनगरी सुडींचा डबा उघडायला सांगा आणि पुढचे दोन तास मोकळे ठेवा.

तुमची
आत्या

ता. क. — न्यू जर्सीच्या दिरांना वाढदिवसाला जुना अडकित्ता पाठवायचा विचार आहे असं भाची म्हणाली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पकडलं गेलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वय नक्की नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्यापेक्षा नवा घ्या, धार चांगली असते.