पहिला फेरा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर, मांजरी, कवडीपाट मागे टाकत लोणी काळभोर येतं. इथे टँकरच्या रांगा कायमच्या. मुंबईच्या रिफायनरीतलं पेट्रोल-डिझेल जमिनीखालच्या नळातून या गावापर्यंत पोचतं, तेल कंपन्यांच्या डेपोंत साठवलं जातं आणि मग टँकरने पुढे जातं. भरायची पाळी येईपर्यंत चालक वाट बघतात. कुणी चहा पितं, कुणी चाकांना हातोडीने ठोकून हवेचा अंदाज घेतं. हाताशी वेळ असलेली आणि यंत्राची जाण असलेली इतकी माणसं एका जागी सहसा सापडत नाहीत. हे मला कळलं ते एका संकष्टीच्या संध्याकाळी.

आईला थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला नेलं होतं. परतताना लोणीत चहाला थांबलो. चहा माझ्यापुरताच, तिचा कडक उपास, चंद्रोदयानंतर घरीच सुटायचा. गाडीत बसून किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होऊन विझले. मदतीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला, तेव्हा माणूस यायला दीड-दोन तास लागतील असं सांगितलं. डिसेंबरची थंडी, मधुमेह असलेली उपाशी आई आणि पडत चाललेला अंधार. मी बॉनेट उघडून उभी राहिले. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

उघडं बॉनेट ही आपल्याकडे मदतीची हाकच असते. टँकरच्या रांगेतून एक पन्नाशीचे गृहस्थ चालत आले आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "ताई, सेल्फ मारा बरं एकदा." टकटक ऐकली आणि दुसरा प्रश्न आला, "गिअरची आहे का ऑटोमॅटिक?" ऑटोमॅटिक म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "मग धक्का देऊन उपयोग नाही."

दहाच्या पान्याने त्यांनी टर्मिनल सोडवलं, वरचा पांढरा-हिरवट क्षार पॉलिश पेपरने घासून काढला, पुन्हा आवळलं. तरीही इंजिन फिरेना. पलीकडच्या पंक्चरवाल्याचा मुलगा जाडजूड वायरी घेऊन आला. मी साहजिकच टँकरकडे पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "त्याच्यावरून नाही देता येणार. माझ्या गाडीला दोन बॅटऱ्या, चोवीस व्होल्ट. तुमची बाराची. आतलं सगळं जळंल. आणि टँकरपाशी ठिणगी नको." ज्वालाग्राही माल नेणाऱ्या चालकाला कायद्याने वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते प्रशिक्षण त्यांच्या अंगात किती मुरलंय, हे त्या तीन-चार वाक्यांत दिसलं. नुसता भला माणूस असता तर कदाचित त्याने घाईने वायरी जोडल्या असत्या. भलेपणाला माहितीची जोड असावी लागते, हे मी तेव्हापासून फार मनापासून मानते.

मग त्यांनी रस्त्यावर जाऊन उसाचा ट्रॅक्टर थांबवला. ट्रॅक्टर बाराचा असतो. मागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. थेऊरचा यशवंत साखर कारखाना बंद पडल्यापासून इकडचा ऊस लांबच्या कारखान्यांना जातो. तिथे वजनकाट्यावर रांग असते, उशीर झाला की नंबर मागे पडतो, आणि तोडलेला ऊस तासातासाने वाळून वजनाला कमी भरतो. असा माल घेऊन निघालेल्या तरुणाला थांबवणं म्हणजे त्याच्या खिशातून काही मागणंच होतं. तो थांबला. दोन्ही ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर कडेला आणून त्याने माझ्या बॉनेटशी भिडवला.

लाल वायर इकडच्या प्लसला, तिकडच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक माझ्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो, शेवटची ठिणगी त्याच्यापासून दूर पडावी म्हणून. ट्रॅक्टरवाल्याने रेस दिली, थोडा वेळ तशीच धरली. "आता मारा." इंजिन लागलं.

पुढचं सगळं घाईत झालं. पैसे काढेपर्यंत तो तरुण सीटवर चढलाही होता. "राहू द्या ताई, आधीच उशीर झालाय," म्हणाला आणि गेला. टँकरवाल्यांनी हडपसर येईपर्यंत गाडी बंद करू नका असं बजावलं, आईला नमस्कार केला आणि रांग पुढे सरकली म्हणून पळाले. नाव विचारायचं राहिलं. चंद्र उगवायच्या आत आम्ही घरी होतो.

त्या संध्याकाळनंतर मी इंजिनाबद्दल थोडं वाचलं. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला आपलं आपण सुरू होता येत नाही. हवा आत ओढून दाबल्याशिवाय स्फोट नाही, आणि स्फोट झाल्याशिवाय दट्ट्या हलत नाही. म्हणून पहिला फेरा बाहेरून कुणीतरी द्यावा लागतो. आरंभी तो माणूस हँडल मारून देई, आणि हँडल उलटं फिरून मनगटं मोडत. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगची विजेवर चालणारी मोटर आली आणि हे काम बॅटरीकडे गेलं. पुढे सगळं इंजिनाचं बळ, पण आरंभ उसना. शेकडो अश्वशक्तीच्या यंत्रालाही यातून सुटका नाही, या गोष्टीने मला विलक्षण धीर दिला आहे.

माझ्या लहानपणी वडिलांची फिएट सकाळी हमखास रुसायची. दूधवाला, शेजारचे काका, शाळेला निघालेली आम्ही पोरं, सगळे मागे लागत. वडील दुसरा गिअर टाकून क्लच सोडत, गाडी हिसका देऊन जिवंत होई. त्या मदतीला हत्यार लागत नव्हतं, ज्ञान लागत नव्हतं. हात असलेला कुणीही पुरे. आता गाड्या क्वचितच रुसतात, याचा मला आनंद आहे. पण रुसल्या की साध्या हातांचा उपयोग उरत नाही, आणि आपणही काच वर करून आत बसून फोनवर माणसाची वाट बघतो. मदत मागायची सवय जाते तशी ती द्यायचीही जाते. ज्यांची वाहनं वारंवार अडतात, त्या ट्रॅक्टर-टँकरवाल्यांनी ती टिकवली आहे.

हा रस्ता तर मुळात थांबत जाणाऱ्यांचा. आषाढीला पुण्याहून निघालेल्या दोन पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. माउलींची दिवे घाटाने सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरला मुक्कामाला येते. पुढे रोटी घाटाचा चढ लागतो तेव्हा तुकोबांच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. संतांच्या रथालाही चढावर दुसऱ्याचं बळ घ्यावं लागतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट तो मान समजला जातो.

आता हडपसर ते यवत उन्नत मार्ग होणार आहे. वाहतुकीची कोंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना तो हवाच आहे, मलाही हवा आहे. पण खांबांवरून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर तिच्यापाशी पायी कोण येणार? तिथे ना चहाची टपरी, ना पंक्चरवाल्याचा मुलगा, ना पाळीची वाट बघणारे चालक. म्हणून या पुलाला ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्याइतकी रुंद जागा आणि खाली उतरायला जिना असावा, असं मला कळकळीने वाटतं. मागून आलेल्या एखाद्याला थांबावंसं वाटलं, तर त्याला जिवाची भीती न बाळगता थांबता आलं पाहिजे.